धनुष्य घेण्याआधी मिस्त्री गाठा

माझ्या लेकीचं पहिलं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढं वळलेलं धनुष्य कुरियरनं घरी आलं. मोबाइलवर बघून मागवलेलं, दुकानातल्या भावापेक्षा बरंच स्वस्त. रायझर (मुठीचा मधला भाग), लिंबची जोडी (वरची-खालची वाकणारी पाती), स्ट्रिंग (दोरी), डझनभर बाण, सगळं एकाच खोक्यात. आठ महिने तिचे बाण डावीकडं जात राहिले आणि आठ महिने आम्ही तिलाच बोलत राहिलो. हात हलतोय, लक्ष नाही, रात्री जागते. शेवटी मैदानावरच्या एका पालकानं आम्हाला एका माणसाकडं पाठवलं. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान. त्यानं धनुष्य स्टँडवर ठेवलं, मागं उभा राहिला, एक डोळा मिटून स्ट्रिंगच्या रेषेत बघितलं आणि म्हणाला, "पोरीचं काही चुकत नाही. खालचा लिंब सरळ बसलेला नाही." मग एक बाण हातात घेऊन वाकवून बघितला. "आणि हे बाण तिच्या धनुष्याला लई कडक आहेत."

लिंब सरळ करायला त्याला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. बाण मात्र बदलावे लागले, म्हणजे स्वस्तातला सगळा फायदा तिथंच गेला. आठ महिने ऐकून घेतलेली बोलणी वेगळीच.

मी त्याला मिस्त्री म्हणतो. त्याला ते आवडतं. आपल्याकडं बोअरची मोटार जळली की आपण रिवाइंडिंगवाल्याकडं नेतो, मजुरी विचारतो, देतो. तांब्याची तार स्वतः आणून गुंडाळत कुणी बसत नाही. धनुष्याच्या बाबतीत मात्र वस्तू घेतली की काम झालं, असं आपल्याला वाटतं. खोक्यातून येतो तो सुटा माल. त्याचं धनुष्य कुणीतरी करावं लागतं, आणि ते करणारी माणसं मराठवाड्यात मोजकी आहेत. ती टिकावीत म्हणून आणि तुमचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून कोणत्या क्रमानं काय करावं, ते लिहितो. बरंचसं ठेच लागून कळलेलं आहे.

प्रकार आधी ठरवा, उत्साहात नको

शालेय स्पर्धेत तीन प्रकार दिसतात: इंडियन म्हणजे लाकडी-बांबूचं साधं धनुष्य, रिकर्व्ह आणि टोकांना चाकं-केबल असलेलं कंपाउंड. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी कंपाउंडचे विश्वविजेते झाले. त्याच वर्षी शांघायच्या विश्वचषकात बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरनं सुवर्ण जिंकलं. बुलढाणा म्हणजे आपल्या जालन्याच्या शिवेला लागून. त्यात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा आली. त्यामुळं आता प्रत्येक बापाला पोराच्या हातात थेट कंपाउंडच हवं असतं. ते महाग, त्याला यंत्रासारखी देखभाल, आणि बिघडलं तर घरी दुरुस्त होत नाही. तुमच्यापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर कंपाउंड उघडू शकणारा माणूस नसेल तर ते घेण्याची घाई करू नका. माझं मत विचाराल तर बारा-तेरा वर्षांच्या लेकराला पहिलं वर्ष इंडियन किंवा हलकं रिकर्व्हच द्यावं.

मिस्त्री शोधायचा कसा

"धनुष्यबाणाचं दुकान कुठं आहे?" असं विचारलं तर लोक तुम्हाला बॅट-बॉल, कॅरम विकणाऱ्या खेळसाहित्याच्या दुकानात पाठवतील. तिथं धनुष्य मिळेलही, पण ते ट्यून करणारा, म्हणजे नीट जुळवून देणारा हात मिळेलच असं नाही. त्यापेक्षा सकाळी जिल्हा क्रीडा संकुलात जा आणि सरावाला आलेल्या पोरांना विचारा, "तुमची स्ट्रिंग कोण बांधून देतं?" दोन-तीन पोरं एकच नाव घेतील. तोच तुमचा माणूस. तो प्रशिक्षक असेल, जुना खेळाडू असेल, दिवसा दुसरीच नोकरी करून संध्याकाळी हे काम करत असेल. जिल्हा स्पर्धेच्या दिवशी तर विचारायचीही गरज नाही. ज्याच्या पिशवीभोवती पोरं तुटकी नॉक (बाणाच्या मागची खाच) आणि सुटलेले पर घेऊन उभी असतात, त्याला हेरून ठेवा.

पण सगळेच चांगले असतात असं नाही. काही जण समोरच्याचा खिसा बघून लिंब देतात. पहिल्या भेटीत मी या गोष्टी बघतो. माल दाखवण्याआधी तो मुलाच्या हाताची लांबी मोजतो का? त्याच्याकडं धनुष्याची ओढ पाउंडात मोजायचा काटा आणि टी-आकाराची पट्टी आहे का? धनुष्य किती पाउंडांचं आहे हे न विचारताच बाण काढून देतो का? गिऱ्हाइकावर छाप पाडायला बाण न लावताच स्ट्रिंग ओढून सोडतो का? शेवटची गोष्ट दिसली तर चहा पिऊन परत या. बाणाशिवाय सोडलेल्या स्ट्रिंगची सगळी ताकद लिंबवर येते आणि लिंब फुटू शकतो. कंपाउंडचे तर कॅम (टोकांची चाकं) आणि केबलही जातात. उलट, "आत्ता घेऊ नका, सहा महिने अकादमीच्या धनुष्यावर खेळू द्या," असं सांगणारा भेटला तर त्याला सोडू नका.

पहिली भेट: पैसे घरी, लेकरू सोबत

मोजमाप लेकराचं आहे, त्यामुळं त्याला घेऊन जा. बाप एकटाच जाऊन "वय तेरा, उंची अमुक" सांगतो आणि धनुष्य घेऊन येतो, असं मी किती वेळा बघितलंय.

सगळ्यात आधी कोणता डोळा पुढाकार घेतो ते तपासायचं. दोन्ही हात पुढं करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा, दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून लांबची एखादी वस्तू बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू फटीतच दिसत राहते तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या हातानं लिहिणाऱ्याचा डावा डोळा मुख्य निघाला तर उजव्या हाताचं धनुष्य घ्यायचं की डाव्या, हे तिथंच बोलून ठरवा. खोकं घरी आल्यावर हा शोध लागला तर रायझर विकावा लागतो.

मग ड्रॉ लेंथ, म्हणजे लेकरू स्ट्रिंग किती इंच ओढतं ते. हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत जेवढे इंच भरतात त्याला अडीचनं भागलं की अंदाज येतो. पण तो अंदाजच. चांगला मिस्त्री हलकं धनुष्य आणि इंचाच्या खुणा केलेला लांब बाण देऊन चार-पाच वेळा ओढायला लावतो, कारण पहिल्यांदा सगळेच आखडून ओढतात.

पाउंडेजच्या, म्हणजे ओढायला किती वजन लागतं त्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत होते. लिंबवर लिहिलेला आकडा २८ इंच ओढीचा असतो. त्यापेक्षा एक इंच कमी ओढलं की साधारण दोन पाउंड कमी होतात. म्हणजे २४ लिहिलेला लिंब २५ इंच ओढणाऱ्या मुलीच्या हातात १८ च्या आसपास भरतो. आणि तीच मुलगी वर्षात उंच झाली की लिंब न बदलताही वजन वाढतं. हा हिशोब खोक्यावर कुठं छापलेला नसतो. काट्यावर मोजून दाखवा म्हणा आणि आकडा वहीत लिहून घ्या. जड धनुष्य घेऊन "सवयीनं जमेल" म्हणणाऱ्यांचे खांदे नंतर डॉक्टरकडं जातात.

काय इथं घ्यायचं, काय बाहेरून

सगळं स्थानिक दुकानातूनच घ्या असा माझा आग्रह नाही. टार्गेटचे कागद, आर्मगार्ड (हातावरची पट्टी), क्विव्हर (बाणांचा भाता), मेण या वस्तू कुठूनही घ्या. फिंगर टॅब, म्हणजे ओढणाऱ्या बोटांवरचं कातडं, मात्र बोटं घालून बघितल्याशिवाय घेऊ नका. बाण, लिंब, स्ट्रिंग आणि कंपाउंडचं काहीही मिस्त्रीला विचारल्याशिवाय घेऊ नका. त्याच्याकडं माल नसेल तर त्याच्याच मार्फत मागवा. पुण्याहून, नागपुरातून तो मागवतो, वर दोन पैसे ठेवतो, आणि चुकीचं आलं तर परत पाठवायची डोकेदुखी त्याची. परभणीहून पुणं म्हणजे रात्रभराचा प्रवास. दोन पैसे देऊन मी तो वाचवतो.

बाणाचं स्पाइन, म्हणजे बाण किती कडक ते सांगणारा आकडा, समजून घ्या. २८ इंचांवरच्या दोन टेकूंवर बाण ठेवून मधोमध १.९४ पाउंड, म्हणजे सुमारे ८८० ग्रॅम वजन टांगलं आणि बाण अर्धा इंच वाकला तर त्याचं स्पाइन ५००. आकडा जितका मोठा तितका बाण मऊ. धनुष्याचं वजन, बाणाची लांबी, पुढच्या टोकाचं वजन या सगळ्यांवर योग्य स्पाइन ठरतं. माझ्या लेकीच्या पहिल्या डझनाचं स्पाइन मोठ्या माणसाच्या धनुष्याला शोभणारं होतं. वाढत्या वयाच्या मुलाचे बाण थोडे लांबच ठेवायला सांगा. पुढं कापता येतात, जोडता येत नाहीत.

ट्यूनिंगचा दिवस

अर्धा दिवस मोकळा ठेवा. गुरुवारी दुपारी जा, रविवारी सकाळी नको, कारण रविवारी सगळा जिल्हा तिथं असतो. आणि गप्प बसून बघा. हे बघणं म्हणजे फुकटची शिकवणीच.

तो आधी लिंबची रेषा बघेल. लिंबला छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या लावून स्ट्रिंग दोन्ही लिंबच्या बरोबर मध्यावरून जाते का ते तपासतो, नाहीतर सरकवून आणतो. आमचं आठ महिन्यांचं दुखणं इथंच होतं. मग ब्रेस हाइट, म्हणजे ग्रिपच्या खोल भागापासून स्ट्रिंगपर्यंतचं अंतर. ६६ इंची धनुष्याला ते साधारण सव्वाआठ ते पावणेनऊ इंच आणि ६८ इंचीला साडेआठ ते नऊ इंच असतं. स्ट्रिंगला पीळ वाढवला की स्ट्रिंग आखूड होते आणि हे अंतर वाढतं. मिस्त्री एकेक पीळ देऊन आवाज ऐकतो. जिथं धनुष्य कमी खणखणतं तिथं थांबतो. आमचा मिस्त्री तेव्हा पंखाही बंद करायला लावतो.

पुढं टिलर. दोन्ही लिंबच्या मुळापासून स्ट्रिंगचं अंतर मोजायचं. तीन बोटांनी ओढणाऱ्यांसाठी वरचं अंतर बहुतेक वेळा खालच्यापेक्षा काही मिलिमीटर जास्त ठेवतात. नंतर नॉकिंग पॉइंट, म्हणजे स्ट्रिंगवर बाण बसवायची जागा. तीही बाण स्ट्रिंगला काटकोनात बसतो त्याच्या थोडी वर. मग रेस्ट (बाणाचा टेकू), प्लंजर (बाणाला बाजूनं टेकणारी स्प्रिंगची कळ), आणि बाणाचं टोक स्ट्रिंगच्या रेषेच्या किंचित बाहेर.

इथपर्यंत सगळं टेबलावरचं. खरं कळतं ते बाण सोडल्यावर. १८ मीटरवर पर लावलेले तीन बाण आणि बिनपराचे दोन बाण सोडायला लावतात. पर बाणाची चूक सावरून घेतात, बिनपराचा बाण ती उघडी पाडतो. उजव्या हाताच्या खेळाडूचा बिनपराचा बाण बाकीच्यांच्या डावीकडं लागला तर बाण कडक पडतोय, प्लंजर मऊ करायचा. उजवीकडं लागला तर उलट. बिनपराचा वर लागला तर नॉकिंग पॉइंट खाली आहे, वर घ्यायचा. खाली लागला तर खाली घ्यायचा. एका वेळी एकच बदल, मग पुन्हा पाच बाण. दोन गोष्टी एकदम बदलणारा मिस्त्री घाईत आहे असं समजा.

शेवटी सगळे आकडे लिहून घ्या: ब्रेस हाइट, वरचा-खालचा टिलर, नॉकिंग पॉइंट, काट्यावरचं वजन, बाणाची लांबी, स्ट्रिंगचे पदर. आमच्या मिस्त्रीकडं प्रत्येक पोराचं एक पान असलेली जाड वही आहे. मी त्या पानाचा फोटो काढून ठेवला. पुढं स्ट्रिंग तुटली तेव्हा फोनवर आकडे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलनं तयार स्ट्रिंग आली.

कंपाउंड असेल तर

बो प्रेसशिवाय, म्हणजे लिंब दाबून धरणाऱ्या यंत्राशिवाय, कंपाउंडची स्ट्रिंग किंवा केबल काढायचा प्रयत्न करू नका. गावातल्या वेल्डिंगवाल्यानं करून दिलेला शिकंजा म्हणजे प्रेस नव्हे. दोन्ही कॅम एकाच क्षणी अडतात का, पीप (स्ट्रिंगमधलं बघायचं भोक) डोळ्यासमोर सरळ येतो का, डी-लूपची (स्ट्रिंगवरच्या छोट्या फासाची) गाठ पक्की आहे का, हे मिस्त्रीनं बघायचं. तुम्ही एवढंच करा: ट्यूनिंग झालं की कॅमवर केबलच्या रेषेत पेनानं खूण करून घ्या. खूण हलली की समजा, स्ट्रिंग ताणली गेली, आता घेऊन जा. आंतरराष्ट्रीय नियमात कंपाउंडची मर्यादा ६० पाउंड आहे. तिथपर्यंत पोचायची पोरांची घाई मिस्त्रीच्या तोंडून मोडलेली बरी. बापाचं कोण ऐकतं!

पैशाचं बोलणं

हे अवघड बोलणं मराठवाड्यात आपण टाळतो. "घरचाच माणूस आहे" म्हणत दोन तास काम करून घेतो आणि निघताना "बघू नंतर" म्हणतो. त्यातच दुकानदाराचा एक महिना जातो. मग तो बंद करतो आणि आपण म्हणतो, आपल्याकडं काहीच नाही.

म्हणून मजुरी आधीच विचारा आणि मालापेक्षा वेगळी द्या. धनुष्य बाहेरून घेतलं असेल तर लपवू नका. "मोबाइलवरून घेतलंय, ट्यूनिंगचे काय घ्याल?" असं सरळ विचारा. चांगला माणूस जास्त सांगेल, पण काम नीट करेल. त्याच्या दुकानात धनुष्य हातात घेऊन, ओढून, सगळं विचारून झाल्यावर तिथंच उभं राहून मोबाइलवर भाव बघणारे मी बघितलेत. एकदा मीही तेच केलं होतं. तो काही बोलला नाही, फक्त कापड घेऊन लिंब पुसत राहिला.

एकट्या पालकाच्या मागणीवर त्याचं भागत नाही. आम्ही आठ घरं मिळून वर्षातून दोनदा यादी करतो: नॉक, पर, टोकं, स्ट्रिंगचा धागा, बाण. निम्मे पैसे आधी देतो. त्याला एकदम मोठा माल मागवता येतो आणि आम्हाला भाव बरा पडतो. पावसाळ्यात शालेय स्पर्धा सुरू झाल्या की त्याच्याकडं रांग लागते, म्हणून मोठी कामं आम्ही एप्रिल-मेमध्ये, त्याचा हात रिकामा असताना देतो. तालुक्याच्या गावी असाल तर जाण्या-येण्याचा आणि दिवसाचा खर्च वाटून घेऊन त्यालाच बोलवा. शाळेच्या मैदानावर एका दिवसात दहा धनुष्यं होतात. अशा दिवशी अकादमीची दोन मोठी पोरं त्याच्या हाताखाली बसवा. सर्व्हिंग (स्ट्रिंगवरचं धाग्याचं वेष्टण) गुंडाळणं, पर चिकटवणं, नॉक बदलणं ती शिकतात. आमच्याकडच्या एका पोरीनं आता पर चिकटवायचा जिग घेतलाय आणि ती बाणामागं पैसे घेते.

घरी करायचं ते

रोज सोडण्याआधी ब्रेस हाइट पट्टीनं मोजा. कार्बनचा प्रत्येक बाण हलका वाकवून कानाशी धरा, करकरला की बाजूला काढा. तडा गेलेला कार्बनचा बाण सोडताना फुटला तर तळहातात घुसतो. चुकून काळ्या मातीत गेलेला बाण धुऊन, पुसून, नॉकला चीर आहे का ते बघूनच परत क्विव्हरमध्ये घाला. स्ट्रिंग खरखरीत वाटली की मेण लावा. रिकर्व्हवर स्ट्रिंग चढवायला स्ट्रिंगर (त्यासाठीची खास दोरी) वापरा. पायात अडकवून चढवलं की लिंब पिळवटतो.

आणि ऊन. आपल्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त. तिथं ठेवलेल्या धनुष्याची स्ट्रिंग सैलावते, लिंबचे थर सुटू शकतात, आणि गरम गोंदानं बसवलेली टोकं ढिली होऊन बाण काढताना टार्गेटमध्येच राहतात. लग्नाला जाताना पोरीचं धनुष्य डिकीत राहिलं, असं सांगत मिस्त्रीकडं येणारे मे महिन्यात असतातच. पत्र्याच्या खोलीतही नको. घरात सगळ्यात थंड खोली देवघराची असेल तर तिथं ठेवा.

स्पर्धेच्या आधी

रिकर्व्हच्या मोठ्या गटाला ७० मीटरवर १२२ सेंटिमीटरचं टार्गेट असतं आणि कंपाउंडला ५० मीटरवर ८० सेंटिमीटरचं. एवढ्या अंतरावर धनुष्यापाशी झालेली दोन मिलिमीटरची चूक बाणाला मधल्या पिवळ्यातून लाल रंगात नेऊ शकते. म्हणून स्पर्धेच्या दहा-बारा दिवस आधी धनुष्य दाखवून आणा. आदल्या दिवशी नको, कारण बदल झाला तर त्याची सवय व्हायला वेळ लागतो. त्याच मापाची, थोडी वापरून बसलेली दुसरी स्ट्रिंग पिशवीत हवीच.

गेल्या वेळी निवड चाचणीच्या आधी आम्ही गेलो. मिस्त्रीनं वही काढली, लेकीचं पान उघडलं, पट्टी लावली, काट्यावर ओढून बघितलं, बिनपराचे बाण सोडायला लावले. पाऊण तास गेला. मग वही मिटून म्हणाला, "सगळं जागच्या जागी आहे. आता याला कुणी हात लावू नका." मी मजुरी विचारली. त्यानं नेहमीचीच सांगितली. लेक माझ्याकडं बघायला लागली, काहीच तर केलं नाही म्हणून. मी पैसे दिले आणि पुढच्या डझनाचं निम्मं आधीच देऊन ठेवलं.